अक्का, माळवद उतरवण्याआधी

तीर्थरूप अक्कास,


तुझा फोन झाला त्याच रात्री दाजींचा आला, आणि मागोमाग भाच्याचाही. तिघांनी तीन छतं सांगितली. तुला स्लॅब पाहिजे, दाजींना पत्रे, आणि लेकराला पत्र्याखाली मोबाइलच्या दुकानात असतं तसलं चकचकीत पीव्हीसीचं सीलिंग. फोनवर मी सगळ्यांना हो-हो म्हटलं, कारण तिघांशीही भांडायची माझी छाती नाही. लिहून मात्र भांडता येतं. शिवाय हा घोळ तुमच्या एकट्याच्या घरातला नाही. पोखर्णीपासून गंगाखेडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुनी माळवदं उतरतायत आणि जो तो शेजाऱ्याचं बघून वर काहीबाही घालतोय. म्हणून हे पत्र छापायलाच देतोय. घरातलं भांडण वेशीवर टांगलं म्हणून रागावू नकोस.

तू विचारलंस ते एवढंच, की आगीला कोणतं छत चांगलं. गल्लीतला तो गोठा पेटला तेव्हापासून ही गोष्ट तुझ्या डोक्यात बसली आहे, आणि बसली ते बरंच झालं. दाजी म्हणतात, पोखर्णीच्या नृसिंहाच्या पायाशी राहायचं आणि आगीला काय भ्यायचं, प्रल्हादाला होळीतून काढणारा देव तो. म्हणू देत. प्रल्हादाच्या घरात चाळीस क्विंटल कापूस भरलेला नव्हता.

आधी आहे त्या माळवदाबद्दल. गळतं म्हणून सगळे त्याच्यावर उखडलेत, पण आगीच्या बाबतीत म्हातारं फार गुणी आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर बारीक काटक्यांचं किलचण, त्यावर पाला आणि त्यावर फूट-दीड फूट दाबलेली पांढरी माती. बाहेरून कुणाच्या धुऱ्यावरचा निखारा उडून आला किंवा दिवाळीचा बाण येऊन पडला, तर मातीवर पडून विझण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. आतून आग लागली तर किलचण पेट धरतं, हे खरं. पण जाड तुळईचं तसं नसतं. बाहेरून पेटली तरी वरचा कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. आग आत सरकते ती तासाला साधारण दीड इंच, आणि जुन्या सागवानात त्याहूनही सावकाश. आपल्या आजोबांच्या वेळची आठ इंची तुळई एवढ्यात खाली येत नाही. तेवढ्यात माणसं, जनावरं, पेटीतले कागद बाहेर निघतात.

छताकडून एवढंच मागायचं असतं, अक्का. पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं याच हिशोबाने वाच. परभणीहून बंब निघून तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत, आणि त्या गल्लीत तो वळला तर, छत डोक्यावर टिकलं पाहिजे आणि त्याच्या धुराने जीव जाता कामा नये.

मग माळवदच का नको? वजनासाठी. दहा बाय दहाच्या एका खोलीवर दीड फूट माती म्हणजे जवळजवळ सात टन. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आपण आणखी माती टाकत गेलो, जुनी कुणी कधी काढली नाही. हे ओझं दगड-मातीच्या भिंतींवर असलं की काय होतं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवलं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, चार वाजायला चार मिनिटं कमी होती. सुमारे आठ हजार माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक आपापल्याच घराच्या दगडमातीखाली. त्यानंतर मराठवाड्याचा माळवदावरचा विश्वास जो उडाला तो उडालाच. पत्र्याचं राज्य तेव्हापासून वाढलं.

ही जुनी गोष्ट झाली असं समजू नकोस. २१ मार्च २०२४ ला सकाळी आणि पुन्हा त्याच वर्षी १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. त्या वेळी प्रशासनाने लोकांना काय सांगितलं आठवतं? पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड खाली उतरवा. तुमच्या गोठ्यावरचे अजून तिथेच आहेत. म्हणजे वाऱ्याला भिऊन ठेवलेला दगड भूकंपात डोक्यात येणार. पत्र्याला दगड लागतो याचा अर्थ पत्रा नीट बसवलेला नाही. जे-हुक पुरेसे मारले, कडेचे तर जवळजवळ मारले, तर वैशाखातल्या वावटळीतही तो जागचा हलत नाही.

आता दाजींचा पत्रा. वजनाला हलका, त्याच दहा बाय दहाला पन्नासेक किलो. जळत नाही, हेही खरं. त्यावर जस्ताचा थर असतो आणि खाली पोलाद. दाजी इथे थांबतात आणि म्हणतात, झालं, विषय संपला. विषय इथूनच सुरू होतो. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही. मग आपण काय करतो? वर उसाचं पाचट किंवा पऱ्हाट्या अंथरतो. हिरवी जाळी बांधतो. खाली थर्माकोल चिकटवतो, जुन्या साड्यांचं छत लावतो, कुणी ताडपत्री ताणतो. पत्रा जळत नाही म्हणून घेतला आणि दोन वर्षांत त्याच्या वर आणि खाली जळणाऱ्या वस्तूंचा थर लावून ठेवला. पत्र्याचं घर पेटतं ते असं.

थर्माकोल तू हातात धरून बघितला आहेस, पण पेटताना बघितलेला नसशील. शंभर अंशांच्या आसपासच तो मऊ पडतो, मग आक्रसतो, वितळतो आणि पेटते थेंब खाली गळायला लागतात. बाजेवर, गोधडीवर, अंगावर. धूर काळा कुळकुळीत. भाच्याचं पीव्हीसी स्वतःहून सहसा भडकत नाही, हे मी त्याच्या बाजूने मान्य करतो. पण शेजारी आग असली की ते वितळून लोंबतं आणि त्यातून जो वायू निघतो त्याचं पाण्याशी आम्ल होतं, डोळ्यांत आणि छातीत. रात्री झोपलेल्या माणसाला ज्वाळा गाठायच्या आधी धूर गाठतो. लेकराला सांग, सीलिंगची हौस मी भागवतो, वस्तू मात्र मी म्हणेन ती.

मुंबईत कमला मिलच्या गच्चीवर २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री आगीत चौदा माणसं गेली. तिथली इमारत सिमेंटची होती, पण गच्चीवर बांबू-ताडपत्रीचे आडोसे होते. राजकोटच्या गेमझोनमध्ये २५ मे २०२४ ला सत्तावीस जण गेले. लोखंडी सांगाडा, पत्र्याचं शेड, वेल्डिंग चालू आणि ठिणग्या खालच्या पेट घेणाऱ्या सामानावर. हे दुसरं उदाहरण तुझ्या कामाचं आहे. पत्र्याखालचे चौकोनी पाइप बसवताना वेल्डर तुमच्याच अंगणात, तुमच्याच कडब्याच्या गंजीशेजारी उभा राहणार आहे. त्या दिवशी गंजी झाकून चालत नाही, हलवावी लागते. पाण्याने भरलेली टाकी आणि बादल्या तयार पाहिजेत, आणि तो निघून गेल्यावर तासभर तरी कुणीतरी तिथे बसलं पाहिजे. ठिणगी भुसकटात दबून राहते आणि सगळे जेवायला बसले की वर येते.

बाहेरून निखारा येऊन छत पेटणं हे अमेरिकेत फार. बर्कले नावाच्या गावात १७ सप्टेंबर १९२३ ला टेकडीवरचं गवत पेटलं, वाऱ्याने निखारे उडाले ते लाकडी फळकुटांच्या छपरांवर पडले आणि सुमारे सहाशे घरं गेली. तिथे आता छताचा माल जळतं लाकूड वर ठेवून तपासतात आणि त्यावरून त्याचा वर्ग ठरवतात. आपल्या दुकानदाराला तसं काही विचारू नकोस, तो तुलाच वेड्यात काढेल. पण परीक्षा घरच्या घरी मनात करून बघ. शेजारच्या रानात गव्हाचं काड किंवा उसाचं पाचट जाळलं आणि निखारा तुमच्या छतावर पडला, तर तिथे त्याला खायला काय मिळेल? नुसता पत्रा, कौल, स्लॅब किंवा माती असेल तर काही नाही. वर पऱ्हाट्या रचल्या असतील तर सगळं. स्लॅबवरच्या पऱ्हाट्यांनासुद्धा हेच लागू, हे तुझ्यासाठी सांगतो. स्लॅब झाली की तू तिथे सरपण रचणार, मी तुला ओळखतो.

सिमेंटचा पत्रा कुणी सुचवला तर सरळ नाही म्हण. तो जळत नाही, पण आगीत एकदम तापला की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तुकडे फटाफट उडतात, पाणी मारणाऱ्याच्या तोंडावर. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते फुप्फुसात बसले की पुढे कित्येक वर्षांनी कर्करोगापर्यंत नेतात. मागच्या पडवीवर आहेत ते तोडू-फोडू नका, करवतीने कापू नका. ओले करून, अख्खे सोडवून उतरवा. आणि त्यावर कुणी चढायचं नाही, ते खालून धड दिसतात आणि पाय देताच फुटतात.

कौलं मला स्वतःला फार आवडतात. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी कारखाना काढला तेव्हापासून ती मंगळुरी म्हणून ओळखली जातात. भट्टीतून निघालेली वस्तू, आगीने तिचं काय होणार. पण खाली लाकडी वासे आणि पट्ट्या असतात, कौलांच्या फटीत चिमण्या काडीकचरा भरतात, आणि आपल्याकडची वानरं एका दुपारी पन्नास कौलं फोडतात. दरवर्षी कौलं फिरवायला आता माणूस मिळत नाही. आवड बाजूला ठेवतो.

गर्डर-फरशीचं छत तुमच्या शेजारच्या वाड्यात आहे, लोखंडी गर्डरांवर शहाबादी फरश्या. दिसायला भक्कम, उन्हाळ्यात ठीक. फक्त गर्डर उघडा असतो. लोखंड साडेपाचशे अंशांच्या आसपास गेलं की त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि खोली पूर्ण भडकली की छताजवळ तेवढं तापमान सहज होतं. मग तो वाकतो आणि फरश्या सुटतात. लाकडी तुळईला आपण नावं ठेवतो आणि उघड्या लोखंडाला मजबूत म्हणतो, पण आगीत पुष्कळदा जाड लाकूड जास्त वेळ उभं राहतं. पत्र्याखालच्या पातळ पाइपांनाही हाच नियम.

राहिली स्लॅब. तुझंच म्हणणं बरोबर आहे, दोन अटींवर.

पहिली अट भिंतींची. स्लॅब म्हणजे त्याच खोलीवर तीन टन. माळवदाच्या निम्म्याहून कमी, पण मातीत बांधलेल्या दगडी भिंतींवर ती टाकणं म्हणजे किल्लारीचीच तयारी. खाली कॉलम, प्लिंथ बीम, लिंटेल बीम पाहिजेत. एवढा पैसा आज नसेल तर दोन खोल्यांनाच करा, स्वयंपाकाची आणि झोपायची. बाकीचं नंतर.

दुसरी अट मिस्त्रीची, आणि इथे जरा लक्ष देऊन वाच. काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, कोणत्या जाडीची स्लॅब आगीत किती वेळ धरेल याचा हिशोब दिला आहे. पाऊणशे मिलिमीटरला अर्धा तास, ९५ ला एक तास, १२५ ला म्हणजे आपल्या पाच इंचाला दोन तास. पण हे कधी? सळईखाली पुरेसं काँक्रीट असेल तेव्हा. त्याला कव्हर म्हणतात. आगीची धग आधी खालच्या काँक्रीटला लागते, ते सळईला झाकून ठेवतं. सळई थेट शटरिंगच्या प्लेटवर टेकली असेल तर पाच इंच जाडी असून उपयोग नाही, सळई तापून लोळागोळा होते. आणि आपल्याकडे काय होतं? सळई बांधून झाली की मिस्त्री चार खडे उचलतो, इथेतिथे सारतो. काँक्रीट ओतताना घमेलं घेऊन माणसं जाळीवरूनच चालतात, खडे निसटतात, सळई खाली बसते. शटरिंग काढल्यावर खालून सळईची रेघ दिसते, त्यावर गिलावा मारला की सगळं झाकलं.

तू काय करायचंस सांगतो. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वर चढ. कव्हर ब्लॉक सिमेंटचे पाहिजेत, किमान एक इंचाचे, दर तीन-साडेतीन फुटांवर, सळईला तारेने बांधलेले. सळईखाली बोट घालून बघ. बोट जात नसेल तर दुसऱ्या दिवशीची गाडी येऊ देऊ नकोस. मिस्त्री म्हणेल, बाई, तीस वर्षं असंच करतो. म्हणू दे. चहा पाज आणि ब्लॉक लावून घे. दोन तासांचा आकडा पुरता पाहिजे असेल तर कव्हर थोडं जास्तच लागतं, ते इंजिनिअरकडून नकाशावर लिहून घे. तोंडी नको.

मागच्या दोन खोल्यांना आणि गोठ्याला दाजींचा पत्रा घाला. मी त्यांच्या पूर्ण विरोधात नाही. पण बारीक लाकडी बल्ल्या नकोत, चौकोनी पाइप घ्या. उजेडासाठी मध्ये फायबरचा पारदर्शक पत्रा घालायची फॅशन आहे, तो पेटतो. त्याऐवजी भिंतीत खिडकी काढा. वरून चुन्याचा दाट हात मारा, किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग. अहमदाबादेत वस्त्यांमधल्या पत्र्यांना महापालिकेने असा पांढरा रंग देऊन पाहिला आहे, आत काही अंशांचा फरक पडतो. चुन्याला पेटायचं माहीत नाही आणि त्याला पैसेही लागत नाहीत फारसे. दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारा, जशी आई माळवद सारवायची तसं.

आणि भाच्याचं सीलिंग: लोखंडी चॅनेलवर जिप्समची पाटी. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी बांधलेलं असतं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जातं आणि तेवढा वेळ पाटीच्या मागे धग पोचत नाही. ओल येणाऱ्या जागी सिमेंट बोर्ड. वरच्या पोकळीत उष्णता अडवायला काही भरायचंच असेल तर रॉकवूल भरा. ते बेसाल्टसारखा दगड वितळवून, त्याचे तंतू ओढून करतात. म्हणजे पोखर्णीच्या पायाखालचाच काळा पाषाण. हजार अंशांपर्यंत ते वितळत नाही. लेकराला चकचकीत पाहिजे असेल तर रंग चकचकीत देऊ. तयार सँडविच पत्रे मिळतात, त्यांत मध्ये फोम असतो. ते घेताना आत काय भरलंय ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन खोल्यांमधली भिंत पत्र्याला भिडवून घ्या. आपल्याकडे भिंत संपते आणि पत्रा सुरू होतो त्यामध्ये वीतभर फट सोडतात, वारा येतो म्हणून. आगही तिथूनच पलीकडे जाते. शेजाऱ्याचा आणि तुमचा पत्रा एकाच पाइपावर टेकलेला आहे, तिथली भिंत तर पत्र्याच्या वर फूटभर काढा. शेजारी दोन दिवस बोलणार नाही.

वायर. पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली आहे, ती जागा मी मागच्या खेपेला बघितली. पत्र्याची कड ब्लेडसारखी धारेची, वाऱ्याने पत्रा थरथरतो आणि रोज थोडं थोडं वेष्टण कापलं जातं. एक दिवस ठिणगी पडते किंवा पावसात सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. तिथे पाइप घाला, आणि मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा. छताच्या खर्चात हा खर्च दिसतसुद्धा नाही.

आता मुद्दामच शेवटी ठेवलेली गोष्ट, कारण ती आधी लिहिली असती तर दाजींनी पत्र तिथेच मिटलं असतं. कापूस. भाव येईल म्हणून संक्रांत गेली, शिमगा आला, तरी कापूस झोपायच्या खोलीत. आढ्यापर्यंत भरलेला, वर बल्ब लोंबतोय, शेजारी तुमच्या बाजा. अंगाला खाज सुटते म्हणून तू तक्रार करतेस, मला त्याहून वेगळी काळजी आहे. कापसाला ठिणगी लागली तर तो लगेच भडकतोच असं नाही, आतल्या आत धुमसत राहतो. वरून पाणी मारून विझला वाटतो, आणि पहाटे पुन्हा पेटतो. त्या खोलीवर मी सांगितलेली पाच इंची स्लॅब असली तरी खालच्या माणसांना ती वाचवू शकणार नाही. कापूस मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवा, मध्ये पत्र्याला भिडलेली भिंत, आत दिवा नको, बिडी नको, आणि त्या खोलीला बाहेरून वेगळं दार. गॅसची टाकी आणि चूल दोन्ही त्या भिंतीपासून लांब. खोलीची मापं मला भाच्याकडून पाठव, मी नकाशा काढून देतो आणि मिस्त्रीशी बोलायला नृसिंह जयंतीच्या आधी येऊन जातो. तोवर माळवदाच्या तुळया कुणाला विकू नका. भंगारवाला येऊन भाव करून गेलाय असं दाजी म्हणाले. ते सागवान आहे, दारं-खिडक्या त्यातच निघतील.

दाजींना नमस्कार. लेकराला आशीर्वाद, आणि सीलिंगचा रंग निवडून ठेवायला सांग.

कळावे,
तुझा धाकटा भाऊ